सहीसकट, न उघडता

'वि. दा. सावरकर. सहा सोनेरी पाने. लेखकाच्या स्वाक्षरीसह. वेष्टण शाबूत, प्रत न वाचलेली. किंमत इनबॉक्समध्ये. फक्त दर्दी लोकांनीच संपर्क साधावा.'

अशा थाटाच्या जाहिराती हल्ली अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरतात. त्यातलं 'न वाचलेली' हे अगदी छातीठोकपणे लिहिलेलं असतं. साठ वर्षं एका घरात राहून ज्याला कुणी बोट लावलं नाही, त्या पुस्तकाचा हाच सर्वांत मोठा गुण, असं विकणाऱ्याचं म्हणणं. घेणारा दर्दी भाळतो तोही नेमका याच गुणावर. तो पैसे मोजतो, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवतो, ओल धरू नये म्हणून नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत टाकतो आणि मग फोटो काढतो. फोटो सहीच्या पानाचा. त्याच्या पुढच्या पानाशी दर्दी माणसाचा संबंध येत नाही.

हा धंदा उपनगरांत फोफावला, त्याचं श्रेय वाचनसंस्कृतीला देऊ नये. ते बिल्डरांचं आहे. मुलुंड पूर्व, पार्ले पूर्व, घाटकोपरचं पंतनगर, बोरिवलीचं बाभई, जिथे बघावं तिथे जुनी चार मजली सोसायटी पाडून बावीस मजले चढवायचं चाललंय. बिल्डर भाडं देतो, पण भाड्याच्या वन बीएचकेत आजोबांचं गोदरेजचं कपाट मावत नाही. मग घरात बैठक बसते. फ्रिज जाणार, सोफा जाणार, देव्हारा तर जाणारच. पुस्तकांचा विषय शेवटी निघतो आणि सर्वांत लवकर संपतो. दुसऱ्या दिवशी खाली 'पस्ती भंडार'वाल्याचा तराजू लागतो. आजोबांनी दर महिन्याला पगारातून पैसे बाजूला काढून जमवलेलं ग्रंथभांडार, त्यात दिवाळी अंकही धरून, पाऊण तासात किलोवर जातं. सरकारने पुस्तकांवर जीएसटी शून्य ठेवला आहे. घरातल्यांनी किंमतही शून्यच ठेवली आहे, त्यामुळे हिशेब सोपा होतो.

फक्त आता पस्तीवाला पूर्वीइतका भोळा राहिलेला नाही. तो प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान उघडून बघतो. शाईचं काही दिसलं की फोटो काढून कुणाला तरी पाठवतो. नव्वद टक्के वेळा ते 'चि. अमुक यास मुंजीनिमित्त सप्रेम भेट' असतं आणि पुस्तक परत तराजूत पडतं. मुंजीतल्या काकांच्या सहीला बाजार नाही. पण एखाद्या पानावर पुढाऱ्याचं नाव निघालं, आणि पुढारी वादग्रस्त असला, तर ते पुस्तक ढिगातून बाजूला होतं. तिथून त्याचा प्रवास किंग्ज सर्कल नाही तर फाउंटनच्या फुटपाथवरून अंधेरीच्या एखाद्या टॉवरपर्यंत. मुलुंडला बारा रुपयांना गेलेलं पुस्तक आठवड्याभरात लोखंडवालात पोचतं तेव्हा त्याची किंमत तोंडाने सांगायची नसते. ती इनबॉक्समध्येच सांगायची.

पुढारी वादग्रस्त हवा, ही अट महत्त्वाची आहे. सज्जन, अजातशत्रू, सर्वपक्षीय प्रेमाचे धनी अशा नेत्यांच्या सह्या ढिगाने पडून असतात. भाव चढतो तो भांडणाने. सावरकरांच्या सहीला २८ मे आणि २६ फेब्रुवारी असे दोन हंगाम ठरलेले आहेतच. जयंती आणि पुण्यतिथी. शिवाय कुठल्याही संध्याकाळी टीव्हीवर दोन प्रवक्ते एकमेकांवर ओरडले की दुसऱ्या दिवशी सकाळी दर वर. प्रवक्त्यांना यातलं कमिशन मिळत नाही हा अन्यायच म्हणायचा.

आता सही खरी की खोटी, हे दर्दी माणूस कसं ओळखतो? शाई बघतो, वळण बघतो, कागद नाकाशी नेऊन हुंगतो. आम्ही मात्र आधी आवृत्तीचं साल बघायचा सल्ला देऊ. सावरकर गेले २६ फेब्रुवारी १९६६ ला. त्यानंतर निघालेल्या आवृत्तीवर त्यांची सही दाखवणारे महाभाग भेटले, तर त्यांच्याशी वाद घालू नये. आत्मा अमर आहे, एवढंच म्हणून निघून यावं. दुसरा एक विक्रेता 'अितिहास' आणि 'अुत्तर' अशी छपाई दाखवून 'मुद्रणदोष असलेली दुर्मीळ प्रत' म्हणून जादा पैसे मागेल. ती अ-ची बाराखडी म्हणजे सावरकरांनी हयातभर चालवलेली लिपिसुधारणा. लेखकाचा आग्रह हा प्रुफं तपासणाऱ्याचा दोष म्हणून विकला जातोय, यावरूनच विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून पुस्तक किती वाचलं आहे ते समजावं.

पण खरी मौज पुढेच आहे. ज्या लेखकाच्या सहीसाठी हा सगळा आटापिटा, त्याच्या गाजलेल्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्यांवर त्याचं छापील नावसुद्धा नाही. १८५७ चा इतिहास सावरकरांनी लंडनमध्ये मराठीत लिहिला. पुस्तक निघालं ते १९०९ साली, इंग्रजीत, हॉलंडमध्ये छापून. लेखकाच्या जागी काय, तर 'एक हिंदी राष्ट्रवादी'. १९२३ साली नागपुरात 'हिंदुत्व' निघालं, तेही इंग्रजीतच. लेखक 'एक मराठा'. १९२६ साली मद्रासला बॅरिस्टर सावरकरांचं इंग्रजी चरित्र निघालं, लेखक 'चित्रगुप्त'. या चित्रगुप्ताने चरित्रनायकाच्या धैर्याची आणि बुद्धिमत्तेची तोंड भरून स्तुती केली. १९८७ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत खुलासा झाला की चित्रगुप्त म्हणजे दुसरे तिसरे कुणी नसून स्वतः सावरकर. पहिल्या दोन खेपेला नाव लपवणं भागच होतं. एकदा पोलीस मागावर होते, दुसऱ्यांदा लेखक तुरुंगात होता. तिसऱ्या खेपेला रत्नागिरीची स्थानबद्धता होती हे खरं, पण आपली स्तुती आपल्याच नावावर छापता येत नाही, ही अडचण काही इंग्रज सरकारने घातलेली नव्हती.

तेव्हा १९०९ ची सही केलेली प्रत मागणाऱ्यांनी जरा विचार करावा. त्या पुस्तकावर सही करणं म्हणजे स्कॉटलंड यार्डला घरपोच पुरावा देणं. छपाई पुरी होण्याआधीच सरकारने पुस्तकाला हिंदुस्थानची दारं बंद केली होती. मग ते आलं कसं? डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'चं वेष्टण चढवून, 'डॉन किहोते'च्या नावाखाली, पेट्यांच्या चोरकप्प्यांतून. पुढे पंजाबचे पंतप्रधान झालेले सिकंदर हयात खान यांनीही विद्यार्थिदशेत काही प्रती अशा आणल्या, असं सांगतात. भगतसिंगांच्या गटाने ते गुपचूप पुन्हा छापलं. मूळ मराठी हस्तलिखित गोव्याच्या डॉ. कुटिन्हो यांनी परदेशात कित्येक वर्षं जपलं आणि ते लेखकाच्या हाती परत आलं तेव्हा इंग्रज जाऊन चुकले होते. बंदी उठली १९४६ साली, आणि १९४७ मध्ये मुंबईच्या फिनिक्स पब्लिकेशन्सने ते लेखकाच्या नावानिशी उघडपणे काढलं.

म्हणजे जवळजवळ सदतीस वर्षं हे पुस्तक जवळ सापडलं तर तुरुंग होता, आणि लोक ते वाचत होते. एका हातातून दहा हातांत जात होतं. अशी एखादी प्रत आज आमच्या दर्दी मित्रासमोर ठेवली तर तो नाक मुरडेल. कोपरे मुडपलेले, समासात खुणा, पानांवर कंदिलाच्या तेलाचे डाग. आणि मुख्य तक्रार, 'जॅकेट ओरिजिनल नाही, दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचं आहे!'

पुस्तकांवर नसलेली सही एका वेगळ्या कागदावर मात्र आहे, आणि महाराष्ट्राचं राजकारण गेली कित्येक वर्षं तिच्याभोवती फेर धरून आहे. अंदमानातून १४ नोव्हेंबर १९१३ या तारखेने गेलेला सुटकेचा अर्ज. खाली वि. दा. सावरकर, बंदी क्रमांक ३२७७८. असे अर्ज एकाहून अधिक. नोव्हेंबर २०२२ मध्ये राहुल गांधींनी अकोला जिल्ह्यात पत्रकारांपुढे अशाच एका अर्जाची प्रत फडकावली आणि खालची सही दाखवली. चार महिन्यांनी शिंदे गट आणि भाजपने सावरकर गौरव यात्रा काढल्या. एका बाजूला ती माफी, दुसऱ्या बाजूला तो गनिमी कावा. दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना अर्जाची शेवटची ओळ तोंडपाठ आहे. त्याच माणसाच्या इतिहासग्रंथाची पहिली ओळ विचारा, दोन्हीकडे एकमताने शांतता. युती अशी होते.

उजवीकडच्यांनी एकटं वाटून घ्यायचं कारण नाही. डावीकडेही सोय आहे. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे. गिरणी कामगारांचे पुढारी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले बिनीचे शिलेदार, मुंबईचे खासदार. यांनी येरवड्याच्या तुरुंगात बसून आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतचा भारताचा इतिहास लिहिला. तो १९४९ साली प्रसिद्ध झाला. आणि त्यांच्याही वाट्याला सहीचं भांडण आलंच. १९२४ साली तुरुंगातून सरकारला सेवा देऊ करणारी डांग्यांची म्हणून काही पत्रं मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकाने छापली. डांगे म्हणाले, बनावट आहेत. विरोधक म्हणाले, खरी आहेत. पक्षात आधीपासून मतभेद होतेच, त्यात हे तेल पडलं आणि त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्ष फुटला. मुंबईने देशाला दोन इतिहासकार पुढारी दिले, एक अतिउजवा, एक अतिडावा. दोघांचं आपसात कशावरही पटलं नसतं. वारसा मात्र दोघांचा सारखाच निघाला. एक तुरुंग, एक इतिहासग्रंथ आणि खाली सही असलेला एक कागद. ग्रंथ सोडून बाकी सगळ्याची चर्चा.

डांग्यांचं नशीब एका बाबतीत थोर. त्यांच्या पुस्तकाला वाचक मिळाला, आणि तो निघाला दा. ध. कोसंबी. मार्क्सवाद्याचं पुस्तक, मार्क्सवादी समीक्षक, त्यामुळे आपसात सांभाळून घेतील असं कुणाला वाटलं असेल तर ते चुकलं. कोसंबींनी भांडारकर संस्थेच्या इंग्रजी नियतकालिकात त्या पुस्तकाची सालटी काढली. संदर्भ तपासले, पुरावे मागितले, निष्कर्ष उलटे टांगले. इतकी कडक टीका करायची तर आधी पुस्तक वाचावं लागतं, ही त्यातली गैरसोय. सावरकरांच्या वाट्याला य. दि. फडक्यांसारखा शोध घेणारा माणूस आला. त्यांनाही आधी वाचावं लागलं. आता एवढे कष्ट कुणी करत नाही. आता 'निषेध' किंवा 'अभिमान' असा फलक लिहिला की भागतं, आणि त्याला प्रूफ वाचायचीही गरज नसते.

न वाचण्याचा हा खेळ फक्त मराठी नाही. ऑगस्ट २००९ मध्ये भाजपचे ज्येष्ठ नेते जसवंत सिंह यांचं जीना आणि फाळणी यांवरचं सहाशेहून अधिक पानांचं पुस्तक १७ तारखेला प्रकाशित झालं. १९ तारखेला शिमल्याच्या चिंतन बैठकीत लेखकाला पक्षातून काढलं, आणि गुजरात सरकारने पुस्तकावर बंदी घातली तीही त्याच दिवशी. दोन दिवसांत सहाशे पानं आणि वर चिंतन! वाचनाचा हा वेग पाहून आम्ही थक्क आहोत. गुजरात उच्च न्यायालयाने ४ सप्टेंबरला बंदी रद्द केली. तोवर पुस्तकाची जी जाहिरात व्हायची ती होऊन गेली होती, तीही सरकारी खर्चाने. इंग्रजांनी १९०९ साली छापून व्हायच्या आत पुस्तक बंद केलं. शंभर वर्षांनी आपण छापून झाल्यावर दोन दिवस थांबलो. लोकशाहीने केलेली प्रगती ती हीच.

आता मुद्द्याचं. ही पुस्तकं न उघडण्यातच सगळ्यांचा फायदा आहे. प्लॅस्टिकची पिशवी फाडली तर आतून काय निघेल याचा नेम नाही.

१८५७ वरचं पुस्तक घ्या. त्यात सावरकर बहादूरशहा जफरच्या तख्तामागे उभ्या राहिलेल्या हिंदू-मुसलमानांचं कौतुक करतात. नानासाहेबांचे अझीमुल्ला खान आणि फैजाबादचे मौलवी अहमदशाह हे या पुस्तकातले नायक आहेत, खलनायक नाहीत. प्रस्तावनेत तर असा आशय आहे की मुसलमानांविषयीचा राग शिवकाळात योग्य असला, तरी तो आज मनात धरणं अन्यायाचं आणि मूर्खपणाचं ठरेल. गौरव यात्रेच्या ट्रकवरून हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचं धाडस कुणी करावं, आम्ही फुलं घेऊन उभे राहू. आणि सावरकर म्हणजे फक्त माफीनामा असं म्हणणाऱ्यांनीही वाचावं. त्यांची गोष्ट सोपी होणार नाही, अवघड होईल, म्हणूनच.

मग 'सहा सोनेरी पाने' उघडा, १९६३ चं. लेखक तोच, रोख उलटा. मधे अर्धं शतक आणि एक फाळणी. इथे मात्र अभिमानी वाचकाची पंचाईत वेगळीच आहे. कल्याणच्या सुभेदाराची सून शिवाजी महाराजांनी मानाने परत पाठवली, ही गोष्ट आपण प्रत्येकाने बालपणी ऐकली, आपल्या मुलांना सांगितली. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज स्त्रीला तशीच सन्मानाने परत धाडली, हेही अभिमानाने सांगतो. मुलुंडहून पुढे गेलं की कल्याण, बोरिवलीहून पुढे गेलं की वसई. दोन्ही लाइनींवर आपल्या संस्कृतीची ही दोन स्टेशनं पक्की बांधलेली. सावरकर या ग्रंथात दोन्ही प्रसंगांबद्दल कौतुक करत नाहीत, दोष देतात. त्यांच्या लेखी ही सद्गुणांची विकृती. आता एका भिंतीवर महाराजांची तसबीर आणि समोरच्या भिंतीवर तात्याराव सावरकरांची, अशा दिवाणखान्यात हे पान उघडायचं कसं? एका तसबिरीकडे तरी पाठ करावी लागेल. त्यापेक्षा पुस्तक देव्हाऱ्यातल्या टाकासारखं वर ठेवलेलं बरं. फुलं वाहायची, प्रश्न विचारायचे नाहीत.

या सगळ्यात बिचाऱ्या सामान्य प्रतीला कुणी विचारत नाही. सावरकरांचं लेखन इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतं. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय आहे, मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाचं आहे. वर्गणी भरा, पुस्तक घरी न्या. पण ग्रंथालयाच्या प्रतीला संग्राहकांच्या बाजारात सर्वांत खालचा दर. कारण? तिच्यावर तारखांचे शिक्के असतात. कुणीतरी नेलं, वाचलं, परत आणलं, दुसऱ्याने नेलं. इतके वाचक म्हणजे इतके डाग. शिवाय आपल्याकडच्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क. १९६७ पासून मोजा. १ जानेवारी २०२७ पासून हे लेखन कुणीही छापावं. सोसायटीच्या अहवालाबरोबर छापा, लग्नपत्रिकेबरोबर वाटा, बिल्डरला सांगून माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला घाला. मजकूर सर्वांचा होईल आणि म्हणूनच कुणाचा राहणार नाही. भाव टिकेल तो तेवढा दीड इंच शाईचा.

तरीही आमचा माणसांवर विश्वास आहे. म्हणून उपनगरांतल्या तमाम अभिमानी आणि तमाम निषेधी वाचकांसाठी या सदरातर्फे स्पर्धा जाहीर करत आहोत. प्रश्न दोनच. एक, फैजाबादच्या मौलवीचा सावरकरांच्या १८५७ च्या इतिहासात शेवट कसा होतो आणि त्याबद्दल लेखकाची भावना काय? दोन, कल्याणच्या सुनेबद्दल त्याच लेखकाने नंतर काय लिहिलं, आणि ते तुम्हाला मान्य आहे का? उत्तरं स्वतः वाचून द्यायची. फॉरवर्ड चालणार नाही, प्रवक्त्याला फोन करता येणार नाही. दोन्ही उत्तरं बरोबर देणाऱ्यास लेखकाच्या अस्सल स्वाक्षरीची प्रत बक्षीस.

एवढं महाग बक्षीस आम्ही कुठून आणणार, अशी काळजी आमच्या संपादकांनी व्यक्त केली. त्यांना आम्ही सांगितलं, ते द्यावं लागणार नाही.